सरकीचे कोकरू

दरवर्षी डिसेंबर लागला की अब्रारच्या मोबाइलवर गाईचे एक चित्र येते. पाठवणारा माझा भाऊ रजत असतो. सोबत मजकूर नसतो, कारण त्याची गरज पडत नाही. अब्रार आता पांढरकवड्याला हायवेवर गॅरेज चालवतो. ट्रकखाली आडवा पडून तो हैदराबादकडच्या ड्रायव्हरांशी तेलुगूतून भांडतो. त्याला दाढी आहे, दोन मुली आहेत, आणि नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभा राहशील का, असे लोक त्याला विचारू लागले आहेत. अशा माणसाला गाईचे चित्र पाठवणे शोभत नाही, असे आमची आई म्हणते; आणि मग तेच चित्र शेजारणीला दाखवायला घेऊन जाते.

यंदा चित्र गेले तेव्हा मी माहेरी होते. अब्रारचे उत्तर माझ्या मोबाइलवर आवाजात आले.

"निकितादीदी, रजतभाऊले सांगजो, मी आता दोन पोरींचा बाप हाय. अन् त्या गाईनं मले खाल्लं नव्हतं. चाटलं होतं."

रजतने ते ऐकून फक्त एवढेच लिहून पाठवले: "मंग बाही कुठी गेलती?"

बाही कुठे गेली होती, हे सांगायचे तर त्या नाताळापाशी जावे लागेल.

आमची गल्ली तेव्हा गावाच्या अगदी कडेला होती. एका बाजूला आमचे घर आणि घराला लागून गोठा. समोर मोहिउद्दीनचाचांचे घर. चाचा मेकॅनिक होते. आज अब्रार चालवतो ते गॅरेज त्यांचेच. त्यांच्या घरात त्यांची आई खातूनबी, मुलगी निलोफर आणि तिचा धाकटा भाऊ अब्रार. आणि आमच्या शेजारी, भाड्याच्या दोन खोल्यांत, कोकिळाबाई आणि त्यांची मुलगी राहेल. गल्लीतले ख्रिस्ती घर तेवढे एकच. राहेलचे वडील ती अगदी लहान असताना वारले होते. कोकिळाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणत असे.

दवाखाना कुठे आहे हे गल्लीला ठाऊक नव्हते असे नाही. पण दवाखान्यात रांग असते आणि सिस्टरबाईंच्या दारात ती नसते, एवढा साधा विचार लोकांनी केला होता. कोणाचे बोट कापले, कोणाला ताप आला, कोणाची गोळी जेवणाआधीची की नंतरची हे विसरले, की माणूस त्यांच्या ओट्यावर येऊन उभा राही. कोकिळाबाईंचे जेवण, झोप, केस धुणे यांपैकी काहीही अर्धवट राहिले नाही असा दिवस क्वचित जाई. त्या कधी रागावल्या नाहीत. हात पुसत बाहेर येत, आणि समोर मूल असो की म्हातारा, त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे: "भेऊ नोको बेटा, काई नाई झालं." सत्तरीच्या माणसालाही त्या बेटा म्हणत, आणि त्याला ते आवडे.

राहेलच्या बाबतीत याचा परिणाम असा झाला होता की तिच्या आईने तिचे काहीही पूर्ण पाहिलेले नव्हते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती नाचायला उभी राहिली तेव्हा हेडमास्तरांचा घोळणा फुटला. आदल्या वर्षी यवतमाळच्या चर्चमध्ये नाताळच्या खेळात ती देवदूत झाली तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एक आजी चक्कर येऊन पडल्या, आणि देवदूताने मरीयेला निरोप सांगितला तो आईच्या पाठीकडे पाहत. आजींना काही झाले नव्हते. त्या उपाशी होत्या. राहेलने त्यांना अजून क्षमा केलेली नव्हती, आणि नाताळात क्षमा करावी लागते हे ठाऊक असल्यामुळे ती या विषयावर बोलत नसे.

त्या वर्षी नाताळच्याच दिवशी कोकिळाबाईंना दुपारी दोनपर्यंत ड्यूटी लागली. यवतमाळला जाणे रद्द झाले. राहेल रडत असेल, असा आमचा अंदाज होता आणि आम्ही ते पाहायला म्हणून गेलो होतो. ती ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"खेळ इथंच करू," ती म्हणाली. "तुमच्या गोठ्यात. यवतमाळले थर्माकोलचा गोठा करतात. आपल्यापाशी खराखुरा हाय."

"अन् करनार कोन?" रजतने विचारले. तो बारा वर्षांचा होता आणि कोणतेही काम आपल्यावर येण्याआधी त्याला त्याचा वास येई.

"आपन. तू, निकिता, निलोफर, अब्रार. मी देवदूत." तिने एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "पन एक गोष्ट हाय. माह्या आईनं पुरा पाह्यला पाह्यजे. बसल्यापासून संपेपर्यंत. मधातून एकदा बी उठली नाई पाह्यजे."

"अन् उठली तर?"

"तर मी यानंतर काईच करनार नाई. कधीच."

राहेल अकरा वर्षांची होती. त्या वयात अशा शपथा पुष्कळ घेतल्या जातात. पण तिने ही घेतली ती शेंगा सोलण्याच्याच आवाजात, त्यामुळे आम्हांला ती खरी वाटली.

पात्रे ठरवताना पहिली अडचण खातूनबींनी काढली. त्यांच्या अंगणात आम्ही बसलो होतो. राहेलच्या मते निलोफरच मरीया व्हायला हवी होती, कारण आमच्यांत गोरी आणि शांत तेवढी तीच. खातूनबी सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"नाई बाई. आमच्यात त्या मोठ्या लोकायचं सोंग घेत नसतात."

"दादी, पन खेळच तर हाय," निलोफर म्हणाली.

"खेळ हाय म्हनूनच. तू दुसरं काई हो." मग काही आठवल्यासारखे करून त्यांनी राहेलला विचारले, "झाड कोन हाय?"

"कायचं झाड?"

"खजुराचं. बीबी मरयमले दरद सुरू झालं तवा त्या खजुराच्या झाडाखाली होत्या. एकट्या."

"आमच्या गोष्टीत झाड नाई, दादी. गोठा हाय. अन् एकट्या नव्हत्या. योसेफ होता."

"तो कोन?"

"नवरा."

खातूनबींनी सुपारीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "आमच्यात नाई तो," त्या अखेर म्हणाल्या. आवाजात वाद नव्हता. आपल्या शेतातून अमुक पाऊलवाट जात नाही, असे सांगावे तसे त्यांनी सांगितले.

दुसरी अडचण रजतची. मरीया आता मी होणार होते आणि योसेफ व्हायला त्याच्याशिवाय कोणी नव्हते. अब्रार सहा वर्षांचा होता. "मी निकिताचा नवरा?" रजत म्हणाला. "लोक थुंकतीन माह्यावर."

राहेलने दोन्ही हरकती ऐकून घेतल्या. मग तिने असा निकाल दिला की त्याची बरोबरी पुढे मी तहसील कचेरीतही पाहिली नाही. झाड राहील. निलोफर झाड होईल. योसेफही राहील, पण तो आत येणार नाही. खेळभर फाटकापाशी उभा राहील. यामुळे खातूनबींच्या गोष्टीत तो नव्हता, राहेलच्या गोष्टीत होता, आणि रजत आपल्या बहिणीपासून तीस पावले लांब होता. तिघांचेही समाधान झाले. मेंढपाळ व्हायला मात्र कोणी उरले नाही. तेव्हा देवदूताने मेंढपाळांना सांगायची ती बाळ जन्मल्याची वार्ता थेट कोकराला सांगावी, असे ठरले. कोकरू म्हणजे अब्रार.

तयारीला दोन आठवडे लागले. राहेलचे पंख जुन्या एक्स-रे फिल्मचे होते. कोकिळाबाईंच्या ट्रंकेत त्या पडून होत्या. उन्हात पंख निळसर चमकत आणि नीट पाहिले तर डाव्या पंखात कोणाच्या तरी बरगड्या दिसत. निलोफरसाठी नाल्याकाठच्या शिंदीच्या फांद्या आणल्या. त्या टोचत, म्हणून झाडाने फुल बाह्यांचा स्वेटर घालायचे ठरले. तारा मोहिउद्दीनचाचांनी दिला. तो एका ट्रकचा पिवळा इंडिकेटर होता. बॅटरीला जोडून त्यांनी तो गोठ्याच्या आढ्याला टांगला. तो उघडझाप करी, त्यामुळे बेथलेहेम गाव पुढे डाव्या हाताला वळल्यावर लागते, असे पाहणाऱ्याला वाटे. बाळ म्हणून आईने एक कोहळे दिले.

"सांभाळून धरजो," आई मला म्हणाली. "खेळ झाल्यावर परत पाह्यजे. सांडगे घालाचे हाय त्याचे."

आणि कोकराचे कपडे. राहेलच्या मनात कापूस होता. यवतमाळला कोकरांना मेडिकलमधला पांढरा कापूस लावत. पण आमच्या घरात पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असताना कापूस विकत आणण्याची कल्पना कोणालाही, राहेललाही, सुचली नाही. शेतातून वेचून आणलेला तो कापूस, बोंडातून निघाला तसा, सरकीसकट. जिनिंगमध्ये गेल्याशिवाय सरकी निघत नाही. खातूनबींनी अब्रारच्या जुन्या स्वेटरवर त्याचे पुंजके एकेक करून टाक्यांनी पक्के बसवले. कोकरू चांगले गुबगुबीत झाले. हात लावला की आतली सरकी बोटांना लागे.

"वजनदार झालं," अब्रार म्हणाला.

"मेंढ्यायले बी वजन असतेच," राहेल म्हणाली.

आमच्या गाईचे नाव चांदी. तालमीच्या वेळी ती रानात चरायला गेलेली असे, आणि राहेलला ते बरेच वाटे, कारण तिला गाईची भीती होती. ती गोठ्यात पाऊल टाकत नसे. देवदूत दारातच उभा राहतो, आत येत नाही, असे तिने आम्हांला सांगितले होते आणि आम्ही ते शास्त्र म्हणून मानले होते. कोकराला वार्ता सांगतानाही ती दारातूनच हात वर करी आणि म्हणे, "भिऊ नका." हे शब्द ती अशा आवाजात म्हणे की अब्रार प्रत्येक तालमीत दचके.

"राहेल, तू त्याले भेव घालून राह्यली," निलोफर शिंदीच्या फांद्यांतून सांगे. झाडाला सगळ्यांचे संवाद पाठ होते.

"देवदूत असाच बोलते."

"मले तर शाळेतल्या पीटीच्या सरायसारखं वाटून राह्यलं."

नाताळच्या आदल्या दिवशी राहेल घरोघर गेली. आम्हांला वाटले आमंत्रण द्यायला गेली; तसे ते होतेही. "उद्या दुपारून खेळ हाय, या," ती म्हणे, आणि दार लागण्याआधी पुढचे सांगे: "अन् उद्या दुपारून कोनी बिमार पडाचं नाई."

"अन् पडलो तर?" आमच्या बाबांनी विचारले.

"तर परवा पडा, काका."

"माह्या गुडघ्याले सांगून पाहीन बाई," खातूनबी म्हणाल्या. "तो माह्यं काई ऐकत नाई."

कोपऱ्यावर पंक्चरचे दुकान चालवणारे फकिराकाका तर दुखावलेच. "मी कधी येतो तुह्या आईकडे? माह्यं काईच नसते बाप्पा."

नाताळची सकाळ चांगली गेली. राहेलने घरोघर करंज्या वाटल्या. दोन वाजायच्या आधीच आम्ही कपडे चढवून बसलो. चांदीला त्या दिवशी मुद्दाम घरी बांधून ठेवले होते. खराखुरा गोठा आहे तर खरीखुरी गाय हवी, हे उघड होते. दोन वाजले, तीन वाजले. कोकिळाबाईंच्या जागी येणाऱ्या दुसऱ्या सिस्टरला उशीर होत होता. प्रेक्षक येऊन बसले, उठून गेले, पुन्हा आले. चार वाजता आई सरकीचे टोपले घेऊन गोठ्यात आली. दुभत्या गाईला आमच्याकडे भिजवलेली सरकी घालतात आणि चांदीची ती वेळ होती.

रजतने तिला दारातच अडवले. "आई, आता नोको. खाल्ल्यावर ती लगेच शेण टाकते. खेळ होऊन जाऊ दे."

आईने गोठा पाहिला. तो त्या दिवशी सारवलेला होता, रांगोळी घातलेली होती. तिला ते पटले. मला पटले, निलोफरला पटले, ओट्यावर बसलेल्या बाबांनाही पटले. आम्ही सगळे कापसाच्या गावातली माणसे. सरकीशिवाय राहिलेल्या गाईच्या गव्हाणीपुढे आम्ही नखशिखान्त सरकीने मढवलेले एक मूल रांगत बसवले होते, आणि हे आमच्यांतल्या एकाच्याही लक्षात आले नाही.

पाचाच्या सुमारास कोकिळाबाई आल्या. पांढरी साडी तशीच, पायांत दवाखान्याच्या चपला. राहेलने त्यांना तोंडही धुऊ दिले नाही. गोठ्यासमोर अंगणात एक प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. तिच्यावर त्यांना हात धरून बसवले.

"आई, आता उठाचं नाई."

"नाई उठत."

"कोनी आलं तरी."

"नाई उठत म्हनलं ना, माय माही."

खेळ सुरू झाला. देवदूताने मरीयेला दारातून निरोप दिला. मला बोलायचे काही नव्हते. राहेलच्या मते मरीयेने सगळे मनात ठेवले होते. मी कोहळे घेऊन गव्हाणीशी बसले. मागे झाड उभे राहिले. आणि तेव्हाच फाटकाचा आवाज आला.

फकिराकाका होते. टायर काढताना पान्हा निसटला होता आणि डाव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. आम्हांला गोठ्यातून सगळे ऐकू येत होते, म्हणजे कोकिळाबाईंनाही येत असणार.

"सिस्टरबाई हाय का?"

"हाय," योसेफ म्हणाला. "पन भेटत नाई."

"बोट पाह्य लेका, रक्त निघून राह्यलं."

"वरतं धरा. बंद होते."

"तू कोन सांगनारा?"

"योसेफ."

"पुंडलिकरावाचा रजत ना तू?"

"आज योसेफ हाय. काका, हळू बोला ना. सव्वा तासाचा नाई, पाव तासाचाच खेळ हाय."

"दोन हप्त्यापासून तुमची गोष्ट ऐकून राह्यलो मी दुकानात," फकिराकाका म्हणाले. "तिच्यात धर्मशाळेत तुलेच कोनी जागा देत नाई. अन् तू इथं मले उभं करून राह्यला."

योसेफाने फाटकाची कडी आणखी घट्ट धरली. फकिराकाका कुंपणाबाहेर बोट वर धरून उभे राहिले. संपूर्ण खेळभर वर्गात प्रश्न विचारायला हात वर केलेल्या मुलासारखे ते दिसत होते.

कोकिळाबाईंनी मान वळवली. ते बोट त्यांना दिसले. त्यांचा उजवा पाय खुर्चीखालून पुढे सरकला. माझ्या समोरच त्या बसल्या होत्या आणि मरीयेला पाहण्यावाचून दुसरे काम नव्हते, म्हणून हे मी पाहिले. दारातल्या देवदूतानेही पाहिले. राहेलचा आवाज एकदम बारीक झाला. कोकिळाबाईंनी त्या चिंधीवर किती लाल आहे हे लांबूनच नीट पाहिले, मग राहेलकडे पाहिले, आणि पाय मागे घेतला. तो जागेवर ठेवणे त्यांना कठीण जात होते. चपलेचा अंगठा हलत राहिला.

त्या वेळी चांदीने कोकराचा वास घेतला होता.

आधी तिने अब्रारची पाठ चाटली. अब्रारला गुदगुल्या झाल्या आणि तो हसला. कोकराने एकदाच "मेऽ" करायचे होते. ते त्याने केले. मग चांदीने जीभ बाहीला घातली आणि कापसाचा एक पुंजका ओढला. सरकी दाताखाली आली तशी तिने डोळे अर्धे मिटले.

"मेऽ," अब्रार जरा मोठ्याने म्हणाला.

मला न हलण्याची सक्त ताकीद होती. मी कोहळे घट्ट धरून पाहत राहिले.

"राहेल," झाड कुजबुजले, "गाय अब्रारले खाऊन राह्यली."

राहेलला वाटले, झाड आपल्याला पुढचे वाक्य आठवून देत आहे. ते वाक्य तर तिच्या गोष्टीत नव्हते. ती गोंधळून थांबली.

"मेऽऽ," अब्रार ओरडला. चांदीने आता बाहीच तोंडात घेतली होती आणि ती आपल्याकडे ओढत होती. कोकरू तिरके होऊन गव्हाणीकडे सरकत चालले होते.

"पोट्टं काय मस्त करून राह्यलं," अंगणात बाबा कौतुकाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "अगा, तिची सरकी राह्यली ना."

अब्रारने कोकरू होणे सोडून दिले. "दादी" म्हणून त्याने जी किंकाळी फोडली ती हायवेवर ऐकू गेली असावी. अंगण उभे राहिले. खातूनबी गुडघा विसरून उठल्या. कोकिळाबाईंचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले आणि त्या वर उचलल्या गेल्या. पाठ सुटली, साडीचा पदर पुढे आला. मी मनात म्हटले, संपले. राहेल आता कधीच काही करणार नाही.

राहेल दारातून आत आली.

ती धावली नाही. एक्स-रेचे पंख दाराच्या चौकटीला घासले आणि खडखडले. ज्या गाईच्या भीतीने ती दोन आठवडे गोठ्याच्या दारातच उभी राहिली होती, तिच्या तोंडापाशी ती सरळ गेली. एका हाताने तिने दावे धरून चांदीची मान मागे लोटली आणि दुसऱ्या हाताने अब्रारला काखेत धरून ओढले. बाही टरकन फाटली. ती चांदीकडे राहिली. अब्रार राहेलकडे आला.

"भेऊ नोको बेटा," राहेल म्हणाली. "काई नाई झालं. मी हाय ना. हात दाखव."

तो आवाज आम्ही सगळे ओळखत होतो. सारी गल्ली त्या आवाजावर वर्षानुवर्षे बरी होत आली होती. अब्रारने हात पुढे केला. राहेलने तो उलटा केला, सुलटा केला, कोपरापाशी दाबून पाहिला, आणि आपल्या पांढऱ्या झग्याच्या टोकाने पुसला.

"नुसती लाळ हाय. दुखते का?"

"नाई," अब्रार हुंदका देत म्हणाला. "ओलं हाय."

"वाळून जाईन."

मी अंगणाकडे पाहिले. कोकिळाबाई अजून तशाच होत्या, न बसलेल्या, न उठलेल्या. राहेलची पाठ त्यांच्याकडे होती. दोन निळसर पंख, आणि त्यांतल्या एकात परक्या बरगड्या. त्या पाठीकडे त्या पाहत राहिल्या. मग त्यांनी हात हळूहळू सैल केले आणि पुन्हा खुर्चीवर टेकल्या. पदर सारखा केला. जिथे कोणी बरे करणारे आधीच पोचलेले आहे अशा ठिकाणी बसून राहण्याचा त्यांना सराव नव्हता, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होते.

ते अर्धे उठणे उठण्यात धरायचे की नाही, यावर रजत आणि निलोफर आजही भांडतात. राहेलला त्यांनी ते कधी सांगितलेले नाही. मीही नाही.

अब्रारला कडेवर घेऊन राहेल वळली. सगळ्यांत आधी तिने खुर्ची पाहिली. आई खुर्चीत होती. राहेलने श्वास घेतला, हात वर केला आणि राहिलेली सगळी वार्ता त्या एका बाहीच्या कोकराला सांगितली. दारातून नाही, कडेवरूनच, आणि पीटीच्या सरांच्या आवाजात तर मुळीच नाही. मागे चांदी आपली बाही शांतपणे खात होती. झाडाने एकही शब्द आठवून दिला नाही.

वार्ता संपली. यानंतर राहेलने पुढे येऊन "खेळ संपला" असे सांगायचे होते. ती अब्रारला घेऊन जागेवरच उभी राहिली.

"झालं का बाप्पा?" कुंपणाबाहेरून फकिराकाकांनी विचारले. त्यांचे बोट अजून वरच होते. "रक्त तर कवाचं थांबलं. पन हात दुखून आला."

"जरा थांबा, फकिराभाऊ," कोकिळाबाई मागे न बघता म्हणाल्या. "खेळ संपला म्हनून अजून कोनी सांगतलं नाई."

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खुर्चीत पाठ टेकली. आढ्याला तारा उघडझाप करत होता. राहेलने अब्रारला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले, आईकडे पाहिले, आणि ते दोन शब्द सांगायची तिला मुळीच घाई दिसली नाही.